आजारपणात तांडेल कोण?



आज डिझेलचा किंवा हवामानाचा विषय नाही. आपल्याच एका सभासदाच्या घरचा अनुभव सांगायचा आहे. घरच्यांनी लिहायला परवानगी दिली, फक्त नाव नको म्हणाले. म्हणून आम्ही नुसतं 'काका' म्हणतो.

गेल्या वर्षी बंदी उठली आणि ऑगस्टमध्ये बोटी निघाल्या, तेव्हाच काका खोकत होते. पावसाळी खोकला, जाईल, असं आम्ही सगळेच म्हणालो. चतुर्थीनंतर थुंकीत रक्त दिसलं. एका डॉक्टरांनी एक्स-रे पाहून टीबीची औषधं सुरू केली, थुंकी तपासलीच नाही. दोन महिने गेले, वजन उतरत राहिलं. मग दुसरीकडे सीटी स्कॅन झाला आणि फुफ्फुसात गाठ निघाली.

खरे हाल तिथून सुरू झाले. स्कॅन एकीकडे, दुर्बिणीची तपासणी दुसरीकडे, रिपोर्ट तिसरीकडे. बायोप्सीच्या दिवशी काका उपाशीपोटी पोचले, तेव्हा कळलं की त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. परत पाठवलं. आधी कुणी विचारलं नव्हतं आणि आपणही सांगितलं नव्हतं. पुढे रिपोर्ट तयार होऊन आठ दिवस पडून राहिला. घरच्यांना वाटलं तिथून फोन येईल, त्यांना वाटलं घरचे येऊन नेतील.

काका म्हणाले, "दुखणं सोसेन रे. पण आता पुढे कुठे जायचं, हे कुणी सांगत नाही. त्यानेच जीव थकतो."

या आजारात छातीचे डॉक्टर, स्कॅनवाले, बायोप्सी तपासणारे, ऑपरेशनवाले, केमोवाले आणि किरणोपचारवाले असे सगळे लागतात. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत ते एकत्र बसून केस पाहतात, त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. बायोप्सीच्या तुकड्यावर ईजीएफआर, एएलके अशा जनुकांच्या तपासण्याही होतात. त्या निकालावरून काहींना केमोऐवजी गोळ्या चालतात. म्हणजे एक कागद अडला की सगळा उपचार अडतो.

शेवटी काकांच्या पुतण्याने सूत्रं हातात घेतली. एक फाइल, एक वही, एकच फोन नंबर. तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. त्या घराने जे शिकलं, ते असं:

१. घरातला एकच माणूस ठरवा. सगळ्या भेटींना तोच जाईल, फोनही त्याचाच द्या. बोटीवर दोन तांडेल चालत नाहीत, इथेही नाही.

२. सगळे कागद तारखेप्रमाणे लावा. स्कॅनची सीडी आणि बायोप्सीचा ब्लॉक व स्लाइड कुठे आहेत ते लिहून ठेवा. मुंबईला टाटा मेमोरियलला गेलात तर तिथेही ते लागतात.

३. चालू गोळ्यांची यादी खिशात ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवा. स्वतःहून कुठलीही गोळी बंद करू नका.

४. खोलीतून निघण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: पुढची पायरी कुठली? रिपोर्ट कधी आणि कोण देणार? मध्येच दम लागला, ताप आला तर कुणाला फोन करायचा?

५. आमची केस ट्यूमर बोर्डपुढे जाईल का, असं विचारायला लाजू नका. वेदना कमी करणाऱ्या डॉक्टरांकडेही सुरुवातीलाच जाता येतं. ते शेवटच्या दिवसांपुरते नसतात.

६. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डाची मुदत आजच पाहा. ऐन वेळी धावपळ नको.

आणि बोट मालकांना विनंती: दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकणाऱ्या खलाशाला सरकारी आरोग्य केंद्रात पाठवा. तिथे टीबीची तपासणी मोफत होते. टीबी नाही निघाला आणि खोकला राहिलाच, तर तिथे थांबू नका, पुढची तपासणी मागा. बिडी न ओढणाऱ्यालाही हा आजार होतो. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 सालीच जाहीर केलंय. इंजिनाजवळ हवा खेळती ठेवा.

काकांचे उपचार चालू आहेत. दर्यावर जात नाहीत, पण संध्याकाळी जेटीवर येऊन बसतात आणि जाळी विणणाऱ्या पोरांच्या चुका काढतात. मधले ते महिने मात्र परत मिळणार नाहीत.

कुणाच्या घरी असं दुखणं असेल आणि कागद समजत नसतील, तर फाइल घेऊन संस्थेच्या कार्यालयात या. आपण मिळून लावू. गरज पडली तर आमच्यातलं कुणीतरी बरोबरही येईल.