कोपर ते मनगट : मोडलेली दोन हाडे आणि प्लेटचे यंत्रशास्त्र

कोपर अंगाला टेकवून काटकोनात वाकवा आणि तळहात उताणा-पालथा करा. कोपर जागचे हलत नाही, तरी तळहात जवळपास अर्धे वर्तुळ फिरतो. करंगळीच्या बाजूची अल्ना जवळजवळ स्थिर राहते आणि अंगठ्याच्या बाजूची रेडियस तिच्याभोवती फिरते. रेडियसला थोडा बाक आहे, म्हणूनच ती अल्नावर न अडकता ओलांडून जाऊ शकते.

ही दोन हाडे म्हणजे बंद साखळीतले दुवे. एक दुवा मोडून आखूड झाला तर टोकाचा सांधा निखळू शकतो. अल्ना मोडून कोपराजवळ रेडियसचे डोके निसटले तर ते मॉन्टेजिया फ्रॅक्चर (१८१४); रेडियस मोडून मनगटाजवळचा सांधा निखळला तर गालेआत्सी (१९३४). म्हणून एक्स-रेमध्ये कोपर आणि मनगट दोन्ही दिसलेच पाहिजेत.

प्रौढांमध्ये दोन्ही हाडे मोडून सरकली असतील तर बहुधा प्लेट लावतात. साध्या आडव्या फ्रॅक्चरला ३.५ मिमी स्क्रूंची कॉम्प्रेशन प्लेट चालते. तिची भोके लांबट व उतरती असतात. स्क्रू कडेला बसवून आवळला की त्याचे डोके उतारावरून घसरते आणि हाडाची टोके एकमेकांवर दाबली जातात.

हाडाचा चुरा झाला असेल तर असे दाबणे चुकीचे, कारण हाड आखूड होईल. येथे विकृतीचे, म्हणजे स्ट्रेनचे, गणित उपयोगी पडते. फटीतील हालचाल भागिले फटीची लांबी ही विकृती सुमारे २ टक्क्यांच्या आत असेल तरच तेथे पक्के हाड तयार होते. १ मिमी फटीत ०.१ मिमी हालचाल म्हणजे १० टक्के. तीच हालचाल १० मिमीच्या तुकड्यांत वाटली गेली तर १ टक्का. म्हणून लांब प्लेट पुलासारखी टाकतात, स्क्रू फक्त दोन्ही बाजूंच्या धड हाडात मारतात आणि मधल्या तुकड्यांचा रक्तपुरवठा सांभाळण्यासाठी त्यांना फारसे हात लावत नाहीत.

आमचे विद्यार्थी प्लेट किती वाकेल याचे गणित अचूक करतात, पण बाक विसरतात. सरळ प्लेटवर रेडियस सरळ बसवली तर हाड जुळेल, हात मात्र पुरता फिरणार नाही. त्यामुळे प्लेटला आकार देतात आणि लांबी व बाक दुसऱ्या, धड हाताच्या एक्स-रेशी ताडून पाहतात.

हाड जुळल्यावरही प्लेट काढण्याची घाई करत नाहीत. रिकाम्या भोकांभोवती प्रतिबल एकवटते आणि हाड तेथेच पुन्हा मोडू शकते.