गळीत हंगाम आणि फिरत्या यंत्रांचा भरवसा

साखर कारखान्याचा गळीत हंगाम एकदा सुरू झाला की कारखाना काही महिने रात्रंदिवस चालू राहतो, आणि या काळात गव्हाणीत ऊस पडल्यापासून साखर पोत्यात भरली जाईपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक टप्पा कोणत्या ना कोणत्या फिरत्या यंत्रावर अवलंबून असतो. उसाचे तुकडे करणारे कटर, त्या तुकड्यांचा तंतुमय भुगा करणारा फायब्रायझर, मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेणारे मिलचे अवजड रोलर, रस पुढे ढकलणारे पंप, बॉयलरमधला धूर ओढून घेणारे पंखे, वीज निर्माण करणारी टर्बाइन आणि साखरेचे दाणे मळीपासून वेगळे करणारी सेंट्रिफ्युगल यंत्रे ही सारी एका साखळीत बांधलेली असतात. त्यांपैकी एखादा दुवा तुटला तर मिल थांबते, आवारात बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या रांगा वाढतात आणि तोडलेल्या उसातली साखर तासागणिक कमी होत जाते. अभियांत्रिकीत विश्वासार्हता या शब्दाला म्हणूनच नेमका अर्थ आहे : ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेल्या काळापर्यंत, यंत्राने बिघाडाविना काम करण्याची शक्यता. बिघाड झाल्यावर तो किती चटकन दुरुस्त होतो हा वेगळा गुण आहे, आणि अनेक कारखान्यांत या दुसऱ्या गुणाचेच कौतुक अधिक होते.

यंत्र जुने होते, झिजते आणि म्हणून बिघडते, ही समजूत इतकी स्वाभाविक आहे की ती तपासून पाहण्याची गरज दीर्घकाळ कोणाला वाटली नाही. हंगाम संपला की बहुतेक सगळी यंत्रे खोलायची, बेअरिंग बदलायची आणि पुन्हा जोडायची, ही प्रथा याच समजुतीतून आली आहे. युनायटेड एअरलाइन्स या अमेरिकी विमान कंपनीतील स्टॅनली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी १९७८ मध्ये सादर केलेल्या अहवालात विमानांच्या भागांची नोंद तपासली, तेव्हा वयाबरोबर बिघाडाची शक्यता वाढते असे भाग अवघे ११ टक्के निघाले, तर ६८ टक्के भागांत बिघाडाची शक्यता बसवल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळातच सर्वाधिक होती आणि नंतर ती घटून स्थिर राहत होती. विमानाचे आकडे साखर कारखान्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत हे खरे, कारण फायब्रायझरचे हातोडे किंवा वाळूमिश्रित रस खेचणाऱ्या पंपाचे इम्पेलर, म्हणजे आतली फिरती चाके, निश्चितपणे वापरानेच झिजतात. परंतु सुस्थितीतले यंत्र विनाकारण खोलल्याने त्याला पुन्हा ‘बालपणीचे’ आजार जडू शकतात, हा त्या अहवालातून निघणारा इशारा कोणत्याही कारखान्याला लागू पडतो. नवे बेअरिंग हातोडीने ठोकून बसवले, किंवा खोलताना आत धुळीचे चार कण गेले, तर पूर्वीचे चांगले चाललेले बेअरिंगच बरे होते असे म्हणण्याची पाळी येते.

बिघाडाची मुळे बहुतेक वेळा यंत्राच्या आत नसून त्याच्या तोलात, जोडणीत, वंगणात आणि वापरात असतात. यांपैकी तोलाचा विषय सर्वांत जुना व सर्वांत उद्बोधक आहे. फिरणाऱ्या भागाचे वस्तुमान शाफ्टच्या, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या दांड्याच्या, मध्यरेषेभोवती सारखे वाटलेले नसेल तर प्रत्येक फेऱ्यात एक बाहेर खेचणारे बल निर्माण होते आणि ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मध्यापासून २० सेंटीमीटर अंतरावर केवळ १० ग्रॅम जादा वजन असलेले चाक मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरू लागले, तर ते १० ग्रॅम सुमारे २० किलो वजनाइतक्या बलाने बेअरिंगला सेकंदाला पन्नास वेळा हिसके देतात. वेग निम्मा केला तर हेच बल पाच किलोवर येते. बॉयलरचा धूर ओढणाऱ्या पंख्याच्या पात्यांवर बगॅसच्या, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्याच्या, राखेचा थर बसतो आणि त्याची एखादी खपली एका बाजूने निखळते, तेव्हा काल शांत असलेला पंखा आज थरथरू लागतो तो याच कारणाने. अशा पंख्याचे बेअरिंग बदलून काहीही साधत नाही, पाती साफ करून त्याचा तोल पुन्हा साधावा लागतो.

फिरत्या दांड्याला स्वतःचा एक घातक वेग असतो, त्याला क्रांतिक वेग म्हणतात, कारण त्या वेगाला फेऱ्यांची लय आणि दांड्याच्या नैसर्गिक कंपनाची लय जुळते आणि तो वाकून डोलू लागतो. स्कॉटिश अभियंता विल्यम रँकिन यांनी १८६९ मध्ये या प्रश्नाचे गणित मांडले आणि त्या वेगाच्या पलीकडे दांडा स्थिर चालूच शकत नाही असा निष्कर्ष काढला. पुढे दुधातील साय वेगळी करणाऱ्या यंत्रासाठी ख्यातनाम असलेल्या स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी आपल्या वाफेच्या टर्बाइनला मुद्दाम बारीक, लवचीक शाफ्ट दिला आणि १८८९ च्या सुमारास ती क्रांतिक वेगाच्या पुढे नेऊन चालवून दाखवली. प्रत्यक्षात घडलेल्या या गोष्टीचा समाधानकारक खुलासा हेन्री जेफकॉट यांनी १९१९ मध्ये केला. त्या वेगापलीकडे गेल्यावर फिरता भाग आपल्या भौमितिक मध्याऐवजी वस्तुमानाच्या मध्याभोवती फिरू पाहतो, आणि आधार लवचीक असेल तर थरथर उलट कमी होते. साखर कारखान्यातील सेंट्रिफ्युगलची जाळीदार टोपली वरून टांगलेली आणि थोडी झुलू शकणारी असते, त्यामागे हेच तत्त्व आहे. टोपलीत मॅसिक्युट, म्हणजे दाणे आणि मळी यांचे घट्ट मिश्रण, किंचित एकाच बाजूला पडले तरी ती स्वतःचा तोल शोधून घेते. मिश्रण फारच विषम पडले तर मात्र झुलण्याची ही सवलतही अपुरी ठरते.

मोटर आणि पंप यांना जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन्ही बाजूंचे शाफ्ट एका सरळ रेषेत आणणे याला कारखान्यात अलाइनमेंट म्हणतात. वेगवान यंत्रांत ही रेषा मिलिमीटरच्या काही शतांशांपर्यंत अचूक लागते, आणि ती डोळ्याने किंवा फूटपट्टीने साधत नसल्याने डायल गेज किंवा लेझर उपकरण वापरावे लागते. येथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. पोलादाचा एक मीटर लांबीचा तुकडा तापमानाच्या प्रत्येक अंशाला सुमारे १२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजारांशाच्या बारा पट, लांब होतो. त्यामुळे गरम पाणी खेचणाऱ्या पंपाच्या अर्धा मीटर उंच आधाराचे तापमान ५० अंशांनी वाढले, तर शाफ्ट जवळजवळ ०.३ मिलिमीटर वर उचलला जातो, आणि थंड असताना बिनचूक जुळवलेले यंत्र चालू झाल्यावर बिनसते. त्यासाठी जाणता फिटर पंप थंड असताना तेवढाच खाली ठेवतो. मोटरचा एखादा पाय बेसप्लेटवर नीट टेकलेला नसेल आणि बोल्ट आवळून तो बळेच बसवला असेल, तर मोटरचा सांगाडाच पिळवटतो, आणि मग लेझरनेही काही साधत नाही.

वंगणाचे काम त्याहून सूक्ष्म पातळीवर चालते. बेअरिंगमधील पोलादी गोळ्या आणि त्यांची खाच यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो, त्याची जाडी बहुधा एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते, आणि माणसाचा केस त्या मानाने कितीतरी पटींनी जाड असतो. साहजिकच डोळ्यांना न दिसणारी धूळही या पापुद्र्याला फाडू शकते. बगॅसचा भुसा आणि उसाचा रस सर्वत्र उडत असलेल्या मिल हाउसमध्ये ग्रीसचा उघडा डबा ठेवणे हा म्हणूनच केवळ अस्वच्छतेचा प्रश्न राहत नाही. जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी, हा समजही तितकाच महाग पडतो, कारण ठासून भरलेले ग्रीस घुसळले जाऊन तापते. बेअरिंगचे आयुष्य काढण्याची जी रीत लुंडबर्ग आणि पामग्रेन या स्वीडिश संशोधकांनी १९४७ मध्ये सिद्ध केली, तिच्यानुसार बॉल बेअरिंगवरील भार दुप्पट झाला तर आयुष्य आठव्या हिश्शावर येते. तोल आणि अलाइनमेंट यांतल्या लहानशा चुकांनी वाढणारा भार मोठा का ठरतो, हे या एका नियमातून कळते.

पंपाच्या बाबतीत वापराची रीतही महत्त्वाची असते. प्रत्येक पंप एका विशिष्ट प्रवाहाला सर्वांत सुखाने चालतो, आणि भविष्यात लागेल म्हणून गरजेपेक्षा मोठा पंप घेऊन त्याचा व्हॉल्व्ह निम्मा मिटून चालवला, तर आतला प्रवाह भोवऱ्यासारखा उलटसुलट फिरून इम्पेलर, बेअरिंग आणि सील या सर्वांना हादरवतो. पंपाच्या तोंडाशी दाब फार उतरला तर पाणी गार असूनही उकळू लागते, वाफेचे बुडबुडे पुढे जास्त दाबात जाऊन फुटतात आणि धातू कुरतडतात. पंपात खडी पडल्यासारखा आवाज येतो तो या बुडबुड्यांचा.

या सगळ्या दोषांची चाहूल कंपनातून लागते. यंत्राच्या फेऱ्यांइतक्याच वारंवारतेचे कंपन बहुधा तोल बिघडल्याचे, दुप्पट वारंवारतेचे कंपन अनेकदा जोडणी चुकल्याचे, तर खूप उच्च वारंवारतेची बारीक चाहूल बेअरिंगच्या पृष्ठभागावरील तड्यांचे लक्षण असते. पेचकसाची मूठ कानाला लावून बेअरिंगचा आवाज ऐकणारे जुने ऑइलमन याच विद्येचे पूर्वसूरी म्हणावे लागतील. मात्र मोजणी आणि निर्णय यांत अंतर पडले तर काय घडते हे सैबेरियातील सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्राने दाखवले. तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या टर्बाइनचे कंपन वाढलेले असतानाही ती चालू होती, आणि १७ ऑगस्ट २००९ रोजी वरचे झाकण धरून ठेवणारे, वारंवार ताण सोसून थकलेले बोल्ट तुटून ७५ जणांचा बळी गेला.

साखर कारखान्यांच्या बाबतीत एक धोका मात्र यंत्र चालू नसताना वाढतो, कारण हंगामाबाहेरचा मोठा काळ महाराष्ट्रात पावसाळ्याचा असतो. तेल काढून घेतलेल्या बेअरिंगांत दमट हवा शिरून गंज धरतो, आणि शेजारच्या चालू यंत्राची थरथर जमिनीतून पोहोचून उभ्या मोटरच्या गोळ्या एकाच जागी खाचेवर घासत राहतात, ज्यातून फेरा न घेताही त्यांचे ठसे उमटतात. यासाठी स्वच्छ तेल भरून ठेवणे आणि शाफ्ट ठरावीक दिवसांनी हाताने थोडा फिरवून दर वेळी नव्या जागी थांबवणे एवढेच करावे लागते. कोणत्या मोटरचा शाफ्ट कोणत्या तारखेला फिरवला याची नोंद दांड्यावर खडूने आणि वहीत पेनाने ठेवता येते.