बेचाळिसांतून सतरा गेले
(नभोवाणीवरील भाषण)

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें निघून उरुळी कांचन मागें टाकलें कीं यवतच्या अलीकडे कासुर्डी हें गांव लागतें. दौंड तालुक्याचा हा पट्टा उसाचा आणि गुऱ्हाळांचा. अशा गांवांतील पांचवीचा एक वर्ग, श्रोतेहो, आपण क्षणभर कल्पनेनें डोळ्यांपुढें आणूं या. पहिल्या बाकावर बागाइतदाराचा मुलगा आहे. त्याच्या घरीं पुस्तकें आहेत आणि अभ्यास घेणारी आईहि आहे. त्याच्या मागें गुऱ्हाळावर कामाला आलेल्या उत्तर हिंदुस्थानी मजुराची मुलगी. तिच्या घरची भाषा हिंदी. तिसरा मुलगा ऊसतोडणीच्या टोळीबरोबर दिवाळीच्या सुमारास येतो आणि हंगाम संपतांच आईबापांमागोमाग मराठवाड्याकडे परततो. म्हणजे वर्षांत दोन शाळा, आणि कधीं कधीं एकहि नाहीं. चौथ्या मुलीला एका कानानें कमी ऐकूं येतें. चौघांचें वय सारखें, इयत्ता सारखी, पुस्तक सारखें, आणि वर्षअखेर प्रश्नपत्रिकाहि सारखीच.

गुरुजींनीं तोंडीं गणित घातलें: बेचाळिसांतून सतरा वजा करा. पहिल्या मुलानें २५ लिहिले आणि तो खिडकीबाहेर पाहूं लागला. हिंदी बोलणाऱ्या मुलीनें २६ लिहिले. ऊसतोडणीवाल्या मुलाचें उत्तर आलें ७, आणि चौथ्या मुलीचें ३५. गुणपत्रक सांगेल कीं एकास पूर्ण गुण आणि तिघांस शून्य. परंतु या तीन शून्यांचीं कुळें अगदीं वेगळीं आहेत.

२६ लिहिणारी मुलगी बोटांवर उलटी मोजत गेली. मात्र मोजतांना तिनें बेचाळीस हाच पहिला धरला, म्हणून ती एका घरानें चुकली. भाषेमुळें तिला कांहीं अडलेंच नव्हतें. 'बयालीस' आणि 'बेचाळीस' यांची सांगड तिनें केव्हांच घातली होती. ३५ लिहिणाऱ्या मुलीनें प्रत्येक घरांत मोठ्यांतून लहान अंक काढला: सातांतून दोन गेले पांच, चारांतून एक गेला तीन. दशक सुटा करणें ही क्रिया तिच्यापर्यंत पोंचलीच नाहीं. शिकवितांना ती ज्या बाजूस बसली होती तिचा याच्याशीं संबंध असूं शकेल. आणि सात हें उत्तर तर मोठें बोलकें आहे. त्या मुलाच्या कानावर 'बे' आधीं आला आणि 'चाळीस' मागून, म्हणून त्यानें दोन आधीं लिहिला व चार मागून. चोविसांतून सतरा गेले, सात राहिले. त्याची वजाबाकी बिनचूक आहे! चुकलें तें संख्येचें लेखन. या तिघांना 'कच्चीं मुलें' म्हणून एका खोलींत बसवून तींच वीस गणितें पुन्हा घातलीं तर तिघेंहि वीस वेळां चुकतील, आणि आपण म्हणूं कीं जादा तास घेऊनहि उपयोग झाला नाहीं.

या तिसऱ्या मुलावरून एक जुना वाद आठवतो. २०१९ मध्यें बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'एकवीस' याच्या जोडीला 'वीस एक' असेंहि वाचन दिलें गेलें. त्यावर केवढी थट्टा झाली, आणि वाद विधिमंडळापर्यंत कसा गेला, हें पुष्कळांस स्मरत असेल. त्या विषयाच्या समितीच्या अध्यक्षा गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर होत्या. मराठी संख्यानामांतील जोडाक्षरें लहान मुलांस जड जातात असें त्यांचें सांगणें होतें. त्याखेरीज एककाचें नांव आधीं उच्चारून अंक मात्र मागून लिहावा लागतो, आणि 'एकोणतीस' मध्यें तर पुढच्या दशकाचें नांव घेऊन एक उणा करावा लागतो. ज्या मुलाच्या घरीं आजी पाढे म्हणून घेते त्यास हें जाणवतहि नाहीं. ज्याच्या घरीं अक्षरओळख नाहीं त्याची वाट येथेंच अडते. पुस्तकानें जुनें नांव काढून टाकलें नव्हतें, शेजारीं एक सोपी पायरी ठेवली होती. मला ती सोय योग्य वाटली व आजहि वाटते. एवढें खरें कीं बाजारांत कोणी 'वीस एक रुपये' मागत नाहीं. तेव्हां पायरी चढून झाल्यावर 'एकवीस' यावयासच हवें, आणि तें येईपर्यंत शिक्षकानें हात सोडतां कामा नये.

भिन्न शक्तीच्या मुलांसाठीं अभ्यासक्रम आंखणें म्हणजे हुशारांस जाड आणि मंदांस पातळ पुस्तक देणें नव्हे. पोंचावयाचें ठिकाण सर्वांचें एकच ठेवून चढण्याच्या पायऱ्या जवळ-दूर कराव्या लागतात. याचें एक उदाहरण याच तालुक्यांत आहे. रेल्वेनें यवतच्या पुढें केडगांव लागतें. तेथें पंडिता रमाबाईंनीं मुक्तिसदन उभारलें आणि १८९६ नंतरच्या दुष्काळांत पोरक्या झालेल्या मुलींना आसरा दिला. त्या मुली एका वयाच्या नव्हत्या, एका प्रांताच्या नव्हत्या, आणि त्यांत कांहीं अंध होत्या. रमाबाईंची कन्या मनोरमा हिनें ब्रेल लिपि आत्मसात करून या अंध मुलींना वाचावयास शिकविलें. वाचनाची अपेक्षा कमी केली नाहीं. डोळ्यांचें काम बोटांकडे दिलें. आज दहावीच्या परीक्षेंत अपंग विद्यार्थ्यास लेखनिक आणि जादा वेळ मिळतो त्याला कोणी कोणी 'सवलत' म्हणून नाक मुरडतात. परंतु इतिहासाच्या पेपरांत आपणांस इतिहासाचें ज्ञान मोजावयाचें असतें, बोटांचा वेग नव्हे.

पहिल्या बाकावरच्या मुलाचाहि विसर पडूं नये. त्याला आणखी वीस वजाबाक्या देणें ही शिक्षाच. त्याऐवजीं सांगावें, 'उत्तर पंचवीसच येईल अशीं दोन गणितें तूं रच. एकांत दशक सुटा करावा लागला पाहिजे आणि दुसऱ्यांत लागतां कामा नये.' गणित तेंच, इयत्ता तीच, पण आतां डोकें लढवावें लागेल.

कोण कुठल्या पायरीवर आहे हें ओळखण्यास मोठी सामग्री लागत नाहीं. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकारानें २००५ पासून 'असर' ही पाहणी होत आली आहे. तींत मुलाच्या घरीं जाऊन त्याच्यापुढें एक कागद धरतात. त्यावर अक्षरें, सोपे शब्द, पहिलीच्या तोडीचा परिच्छेद आणि दुसरीच्या तोडीची गोष्ट, एवढेंच असतें. मूल कोठें थांबतें तें पहावयाचें. इयत्ता विचारून निष्कर्ष काढावयाचा नाहीं. याच संस्थेनें मुंबईंत व बडोद्यास तिसरी-चौथींतल्या मागें पडलेल्या मुलांसाठीं 'बालसखी' नेमल्या होत्या. वस्तींतलीच एक शिकलेली तरुणी रोज सुमारें दोन तास या मुलांना वेगळें घेऊन पायाभूत वाचन व गणित शिकवी. २००१ ते २००३ या काळांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदि अर्थशास्त्रज्ञांनीं या प्रयोगाची परीक्षा केली. मुलांची प्रगति स्पष्ट दिसली, आणि सर्वांत मागें असलेल्यांना अधिक लाभ झाला. परंतु मदत थांबल्यावर वर्षभरांत त्या लाभाचा बराच भाग ओसरला, हेंहि त्यांनीं नोंदविलें आहे. पायरी एकदां दाखवून भागत नाहीं.

येथें एक धोका आहे. पायरी ओळखण्यासाठीं केलेली चांचणी पाहतां पाहतां शिक्का होऊन बसते. पॅरिसमध्यें आल्फ्रेड बिने यानें सिमोनच्या साह्यानें १९०५ मध्यें बुद्धिमापनाची कसोटी तयार केली, ती कोणत्या मुलांना विशेष मदत हवी हें कळावें म्हणून. बुद्धि ही जन्मभर ठरून गेलेली राशि आहे, हें मत त्यानें पुढें आवर्जून खोडून काढलें. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं मराठी व कानडी मुलांसाठीं त्या कसोटीचें रूपांतर केलें. त्यांचा ग्रंथ १९४० चा. तरीहि कसोटीचा मूळ हेतु बाजूस राहून आंकडा तेवढा मुलाला चिकटला, असें ठिकठिकाणीं घडलें. आमच्या वर्गांना तर आंकड्याचीहि गरज नव्हती. 'ढ' हें एक अक्षर पुरे होई. गट पाडावेत, पण ते विषयापुरते आणि थोड्या आठवड्यांपुरते. वाचनांत मागें असलेली मुलगी मापनांत पुढें असूं शकते.

आतां कायद्याची बाजू. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याच्या चोविसाव्या कलमानें प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून जरूर तें जादा शिक्षण देणें हें शिक्षकाचें कर्तव्यच ठरविलें आहे. मूळ कायद्यांत आठवीपर्यंत कोणास मागें ठेवूं नये असें होतें. २०१९ च्या दुरुस्तीनें राज्यांस मोकळीक मिळाली, आणि महाराष्ट्रानें २०२३ मध्यें पांचवी व आठवीस वार्षिक परीक्षा आणली. अनुत्तीर्ण मुलास जादा मार्गदर्शन द्यावयाचें, निकालापासून दोन महिन्यांच्या आंत फेरपरीक्षा घ्यावयाची, आणि तींतहि तें न उतरल्यास त्याच वर्गांत ठेवावयाचें, अशी योजना आहे. वरच्या वर्गांत नुसतें ढकलणें जसें वाईट, तसें तेंच पुस्तक त्याच रीतीनें पुन्हा वाचावयास लावणेंहि निष्फळ. सारें कांहीं त्या मधल्या दोन महिन्यांवर अवलंबून आहे.

२६ लिहिणाऱ्या मुलीला चिंचोके आणि संख्यारेषा देऊन आठवडाभरांत सुधारतां येईल. ३५ वालीला दहा-दहा काड्यांच्या जुड्या सोडून दाखवाव्या लागतील, आणि तिला चांगल्या कानाच्या बाजूनें गुरुजींजवळ बसवावें लागेल. ऊसतोडणीवाला मुलगा मात्र निकालाच्या वेळीं येथें नसेलच; टोळी त्यापूर्वींच निघून गेलेली असेल. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठीं आपल्या राज्यांत शिक्षण हमी कार्डाची योजना आखण्यांत आली आहे. त्या कार्डावर त्याच्या गुरुजींनीं इयत्ता आणि हजेरी यांखालीं आणखी एक ओळ लिहावी: 'वजाबाकी येते. तोंडीं सांगितलेली दोन अंकी संख्या उलटी लिहितो. चाळीस दोन म्हटलें तर बरोबर लिहितो.' पुढच्या गांवच्या बाईंना तेथून सुरुवात करतां येईल.