ग्रामसभा गेली, वॉर्ड आला

वसईतल्या गास किंवा भुईगावच्या वाडीत शिरलं की घरामागे बावखल दिसतं. जुन्या लोकांनी खड्डा खणला, निघालेल्या मातीने शेजारची सखल जमीन भरून घेतली आणि खड्ड्यात पावसाचं गोडं पाणी साठू लागलं. त्या पाण्यावर केळी, पानवेली, मोगरा. वसईचं राजकारण समजून घ्यायचं तर या काठावर आधी बसावं, महापालिकेत नंतर जावं.

ऐंशीच्या दशकात इमारती वाढल्या, वाडीतल्या विहिरींवर टँकर उभे राहू लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली ती याच काळात. कुपारी ख्रिस्ती, वाडवळ, कोळी असे इथले सगळे समाज त्यात उतरले. उपशाने विहीर खारट व्हायला लागली की ती कोणाचा धर्म विचारत नाही.

3 जुलै 2009 रोजी चार नगरपरिषदा आणि 53 ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महापालिका झाली. ग्रामसभेत भुईगावचा माणूस उठून सरपंचाला जाब विचारू शकायचा. वॉर्डात तेच गाव चार-दोन हजार मतांपुरतं उरतं, कारण 2011 च्या जनगणनेत शहर 12 लाखांपलीकडे गेलेलं.

गावं महापालिकेतून वगळा म्हणून आंदोलन पेटलं, त्याचे नेते विवेक पंडित 2009 मध्ये अपक्ष आमदार झाले. ते मुळात श्रमजीवी संघटनेचे. पूर्वेकडच्या आदिवासी वेठबिगारांना सोडवण्यापासून सुरुवात केलेले. वगळायच्या यादीतही पश्चिमेच्या निर्मळ, वाघोलीबरोबर पूर्वेची कामण, मांडवी होती. बातम्यांत मात्र पश्चिमेचाच हिरवा पट्टा दिसला, हे खटकतं. 2011 मध्ये सरकारने 29 गावं वगळली, महापालिका उच्च न्यायालयात गेली आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. गावं महापालिकेतच राहिली.

2015 च्या महापालिका निवडणुकीत बहुजन विकास आघाडी या स्थानिक पक्षाने 115 पैकी 106 जागा घेतल्या. जून 2020 मध्ये या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं कारभार प्रशासकाने पाहिला. ग्रामसभा आधीच गेली होती. जाब विचारायला आता नगरसेवकही नव्हता.