छत उघडणारी गाडी घेण्याआधी

बुऱ्हाणपुरात उघडी गाडी म्हटली की डोळ्यांपुढे येते ती थार, नाहीतर जुनी जिप्सी. पण मुंबई, पुणे आणि इंदूरच्या सेकंडहँड बाजारात बीएमडब्ल्यू झेड४, मर्सिडीज एसएलके, मिनी कन्व्हर्टिबल, पोर्श बॉक्स्टर अशा गाड्याही मिळतात. नव्याने घेताना ज्यांच्याकडे बघायची सोय नव्हती, त्या जुन्या झाल्या की आवाक्यात आल्यासारख्या वाटतात. मात्र गाडी स्वस्त झाली तरी तिचे सुटे भाग आणि मजुरी स्वस्त होत नाही. बुऱ्हाणपूरच्या माणसाला अशा गाडीसाठी कंपनीचे वर्कशॉप गाठायचे तर पावणेदोनशे किलोमीटरवरच्या इंदूरला जावे लागते. म्हणून तपासणी जरा जास्तच कसून करावी. सुरुवात इंजिनापासून करू नये. आधी कागद, मग सांगाडा, मग छत आणि पाणी, आणि शेवटी इंजिन, हा क्रम ठेवावा.

कागद आधी बघायचे, कारण बुऱ्हाणपूर सीमेवर आहे. इथली पासिंग एमपी-६८, तासाभराच्या आत महाराष्ट्र, आणि गाडी बहुधा तिकडचीच मिळते. एमएच पासिंगची गाडी घेतलीत तर मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडीवर कर्ज होते तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्यावा. मोटार वाहन कायद्याप्रमाणे घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतर कळवायचे असते, आणि दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. नव्या राज्याचा कर पुन्हा भरावा लागतो. जुन्या राज्यात भरलेल्या करातला उरलेल्या काळाचा भाग परत मागता येतो, पण त्यासाठी अर्ज आणि चिकाटी दोन्ही हवीत. महागड्या गाडीवर ही रक्कम मोठी होते, म्हणून सौद्याआधीच आरटीओत विचारून ती किमतीत धरावी.

आरसीवरचा चेसी नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघा. नंबराच्या आजूबाजूला घासल्याच्या, वेल्डिंगच्या किंवा ताज्या रंगाच्या खुणा दिसल्या तर तिथेच थांबा. परिवहन विभागाच्या ॲपवर नोंदणीची मुदत, विमा, बोजा आणि थकलेली ई-चलने बघता येतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. चौदाव्या वर्षाची गाडी स्वस्त का मिळते, याचे एक कारण इथे सापडते. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर आपल्याकडे येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो.

एक सावधगिरी थार, जिप्सी आणि जीपवाल्यांसाठी. गाडी कारखान्यातूनच उघडी आली होती की कोणी गॅरेजमध्ये कटरने छत उडवले आहे, हे बघणे फार महत्त्वाचे. कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितले. आरसीवर बॉडीचा प्रकार काय लिहिला आहे ते वाचा आणि समोरच्या गाडीशी जुळवा. कागद जुळत नसतील तर अपघातानंतर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

आता सांगाडा. जिप्सी आणि थार यांची बॉडी स्वतंत्र लॅडर चेसीवर बसवलेली असते. वरचे छत काढले तरी जोर चेसी झेलते. झेड४, एसएलके किंवा मिनीला अशी चेसी नसते. पत्र्याची बॉडी हाच त्यांचा सांगाडा. झाकण काढलेला पत्र्याचा डबा हाताने मुरडता येतो, तसाच छत नसलेला सांगाडा पीळ खातो. म्हणून कंपन्या दारांखालचे उंबरे, पुढच्या काचेची चौकट आणि फरशी जाड व मजबूत करतात. याच जागी अपघाताची दुरुस्ती झाली असेल तर गाडीचा कणाच कच्चा राहिला असे समजा.

तपासायचे असे. सपाट जमिनीवर गाडी लावून दोन्ही दारांच्या भोवतीची फट वरपासून खालपर्यंत बघा. ती सारखी हवी. मग जॅक लावायच्या ठरलेल्या जागी एक बाजू थोडी उचला आणि दार उघडून बंद करा. दार अडकले, वर-खाली सरकले, तर सांगाडा सैल आहे. उंबऱ्याखाली हात फिरवा. रबरी पट्टीखाली फुगलेला रंग, गंजाची खपली किंवा जाड पुट्टी सापडली तर दुरुस्ती झालेली आहे. काचांच्या कोपऱ्यातल्या खुणा आणि सीटबेल्टच्या तळाशी शिवलेले लेबल यांवर निर्मितीचे साल असते. सगळ्या काचा २०१२ च्या आणि एकच २०१७ ची असेल, तर ती का बदलली ते विचारा.

छत बघताना घाई नको. छत दोन प्रकारचे असते: कापडी, किंवा घडी होऊन डिकीत जाणारे पत्र्याचे. झेड४ ची २००९ ते २०१६ ची पिढी आणि एसएलके पत्र्याच्या छताच्या. बॉक्स्टर आणि मिनी कापडी. इंजिन चालू ठेवून छत तीनदा उघडा आणि बंद करा. एकदा नीट चालले म्हणून समाधान मानू नका. मोटर आणि हायड्रॉलिक पंप थंड असताना जे चालते ते तिसऱ्या वेळी अडते. दोन्ही बाजू बरोबर चालतात का बघा. एक बाजू मागे राहिली, मध्येच थांबली, करकरली, तर तो सिलिंडर थकला आहे. डिकीतल्या कार्पेटवर आणि छताच्या सांध्यांखाली तेलकट डाग शोधा. हायड्रॉलिक तेल गळायची तीच जागा.

इथे एक चांगली गोष्टही माहीत असावी. पत्र्याच्या छताच्या गाड्यांत डिकीमध्ये सामानाचा आडवा पडदा असतो. तो जागेवर अडकवलेला नसेल तर सेन्सर छत उघडूच देत नाही. बॅटरी अशक्त असली तरी छत अर्ध्यावर थांबते. ‘छत बिघडले’ म्हणून टाकून दिलेल्या गाडीत खरा दोष इतकाच निघू शकतो. तो सापडला तर सौदा तुमच्या बाजूने झुकतो.

कापडी छताचे वैरी ऊन आणि धूळ. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा शेडशिवाय उभ्या गाडीचे कापड विरते आणि रबर कडक होऊन तडकते. कापड जिथे घडी पडते तिथे बोटाने दाबून बघा, शिवण ओढून बघा. मागची काच प्लास्टिकची असेल तर ती पिवळी आणि धुरकट होते. बॉक्स्टरच्या पहिल्या पिढीत सुरुवातीला अशीच काच होती, २००३ पासून खरी काच आली. दारांवरचे रबर चिमटीत धरून वाकवा. रबर मऊ असेल तर ते वाकून लगेच मूळ जागी येते. कडक झालेले तडतडते.

पाणी हा या गाड्यांचा सर्वांत मोठा शत्रू. पावसाचे पाणी छताच्या काठावरून पन्हळीत येते आणि तिथून बारीक नळ्यांनी गाडीखाली वाहून जाते. कडुनिंबाची पाने आणि धूळ यांनी ती नळी तुंबली की पाणी आत उतरते. झेड४ च्या २००२ ते २००८ च्या पिढीत छताचा पंप याच निचऱ्याच्या वाटेवर होता. नळी तुंबली की तो पाण्यात बुडायचा आणि छत बंद पडायचे. जगभर लोकप्रिय असलेल्या माझ्दा एमएक्स-५ मध्येही तुंबलेल्या नळीमुळे उंबरे आतून गंजतात. म्हणून पन्हळीत पेलाभर पाणी हळूच ओता आणि ते चाकाजवळून खाली पडते का बघा. मग होजने दहा मिनिटे मंद धार सोडा: आधी दारांवर, मग पुढच्या काचेवर, शेवटी छतावर. प्रेशर पंप वापरू नका. आत बसून कार्पेटखाली, सीटखाली आणि डिकीच्या तळाशी हात घाला. फक्त वरून बघून चालत नाही. खालचा स्पंज महिनोन्‌महिने ओला राहू शकतो. आत अत्तराचा भडिमार असेल तर कुबट वास लपवला जातो आहे असे धरून चाला.

इंजिन बघताना गाडी रात्रभर उभी असावी. गरम करून ठेवलेले इंजिन खरे बोलत नाही. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझायला हवा. मुळात लागलाच नाही तर तो कोणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो. स्कॅनर लावून नोंदलेले दोष वाचून घ्या. २००८ पर्यंतच्या बॉक्स्टरमध्ये इंजिनाच्या आतल्या मधल्या शाफ्टचे बेअरिंग तुटण्याचा धोका माहितीचा आहे. तेलाच्या फिल्टरमध्ये धातूचे कण आहेत का ते मिस्त्रीकडून बघून घ्यावे. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. या गाड्या चालतात कमी आणि उभ्या जास्त राहतात, म्हणून नक्षी शिल्लक असूनही रबर म्हातारे झालेले असते.

ट्रायल छत बंद आणि उघडे, दोन्ही अवस्थांत घ्या. गाडी इथे आणता आली तर जुन्या शहरातल्या गतिरोधकांवरून न्या, मग इच्छापूर-इंदूर रस्त्याने असीरगडाच्या चढापर्यंत. खराब पट्ट्यावर आरसा आणि पुढच्या काचेची चौकट किती थरथरते ते बघा. थोडे चालते, खडखडाट नाही. दुपारी एसी लावून इंजिनाच्या तापमानावर नजर ठेवा.

सगळे जुळले की किंमत ठरवा. छत, टायर, कर, हस्तांतर आणि इंदूरपर्यंतची ये-जा यांचा खर्च आधी मांडा आणि तो मागितलेल्या किमतीतून वजा करा. दोन्ही चाव्या आणि सर्व्हिसची पुस्तिका हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. कायद्याने दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, म्हणून व्यवहार बँकेतूनच करा; पुढे वाद झाला तर तोच पुरावा. आणि छत तिसऱ्यांदा अडले, कार्पेट ओले निघाले किंवा दाराची फट सारखी नसली, तर गाडी कितीही देखणी असो, टोकन न देता परत फिरा.