सॅम्नाइटांची ढाल

रोमच्या लेखकांनी आपल्या शेजाऱ्यांची जी चित्रे रेखाटली, त्यांत सॅम्नाइटांचे चित्र सर्वांत भडक आहे. मध्य इटलीच्या डोंगराळ मुलखात राहणाऱ्या, ऑस्कन भाषा बोलणाऱ्या या लोकांशी रोमचा झगडा इ. स. पू. ३४३ पासून अर्धशतकभर चालला. आणि ३२१ मध्ये कॉडियमच्या खिंडीत अडकलेल्या रोमन फौजेला तर हत्यारे टाकून, भाल्यांच्या जोखडाखालून वाकत बाहेर पडावे लागले. ज्याने आपल्याला असे वाकविले, तो चारचौघांसारखा होता, हे विजेत्याने कबूल करावे तरी कसे?

म्हणूनच २९३ मधील अॅक्विलोनियाच्या लढाईचे वर्णन करताना रोमन इतिहासकार लिव्ही एक भयाण प्रसंग उभा करतो. छावणीच्या मधोमध लिननच्या कापडाने आच्छादिलेले आवार. आत वेदी, बळी दिलेली जनावरे आणि नंग्या तलवारी उपसून उभे असलेले शिपाई. एकेका सरदाराला आत नेऊन, पळ काढल्यास स्वतःचा व कुळाचा नाश व्हावा, अशी शपथ घ्यावयास लावीत; नकार देणाऱ्यांची प्रेते जनावरांच्या धडांतच पडत. हे लिव्हीने लिहिले ते पावणेतीनशे वर्षांनंतर, आणि प्रतिवादीची कैफियत दफ्तरात नसताना. तेव्हा त्यातील इतिहास किती आणि नाट्य किती, याचा हिशेब वाचकाने सावधपणेच करावा.

सॅम्नाइटांच्या सोन्यारुप्याने मढविलेल्या ढालींविषयीही तो लिहितो. तो साज कँपानियाच्या लोकांनी, सॅम्नाइटांच्या द्वेषापोटी, मेजवानीत झुंजणाऱ्या ग्लॅडिएटरांच्या अंगावर चढविला आणि त्यांना ‘सॅम्नाइट’ हेच नाव दिले. एका जमातीचे नाव असे करमणुकीचा एक प्रकार होऊन बसले!

रोमचे दुसरे शेजारी सॅबाइन यांचे नशीब निराळे. २९० मध्ये जिंकले गेल्यावर ते लवकरच रोमचे नागरिक झाले, आणि मग त्यांचाच काटकसरी, कष्टाळू शेतकरी-बाणा रोमन लेखक आपल्या ऐषारामी पिढीपुढे आदर्श म्हणून ठेवू लागले. मार्सी हे आणखी एक शेजारी मात्र त्या लेखकांच्या लेखी गारुडीच राहिले.

या शेजाऱ्यांचे स्वतःचे इतिहासग्रंथ उरलेले नाहीत. नाणी उरली आहेत. इ. स. पू. ९१ मध्ये नागरिकत्वाच्या हक्कासाठी रोमविरुद्ध उठलेल्या इटालियनांचा सॅम्नाइट सेनापती पापियस म्यूटिलस याच्या नावाचे चांदीचे नाणे हातात घ्यावे : अक्षरे ऑस्कन, आणि त्यांच्या वर इटलीचा बैल रोमच्या लांडगीला शिंगांनी भोसकतो आहे.