नंबर बोला

कल्याण पश्चिमेला, खडकपाड्याच्या बाजूच्या एका तयार कपड्यांच्या दुकानात रविवारी संध्याकाळी बिलाची रांग जिन्यापर्यंत आली आहे. मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक आहे. मुंबईकडे जाणं टाळलेली बरीच घरं आज इथंच खरेदीला उतरलेली दिसतात. काउंटर तीन, चालू एक.

माझ्या पुढे एक आजी उभ्या आहेत. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, हातात नातीसाठी घेतलेले दोन फ्रॉक. काउंटरवरची मुलगी विशी-बाविशीची. बारकोडवर यंत्र धरत, मान वर न करता ती म्हणते, "मॅम, नंबर बोला."

"नंबर नाही देणार, बाळा. रोख पैसे देते."

मुलीचा हात थांबतो. "नंबर टाकल्याशिवाय बिल पुढे जात नाही, मॅम."

"जातं," आजी म्हणतात. आवाज जराही चढलेला नाही.

आता सगळेच अवघडतात. मागचा बाप कडेवरचं पोर दुसऱ्या बाजूला घेतो. कोणीतरी च्यक् करतं. "अहो काकू, देऊन टाका ना, दहा आकडे तर आहेत," असा एक आवाज येतो आणि दोन-तीन माना हलतात. आजींनी फक्त घेतलेल्या वस्तूचे पैसे पुढे केले आहेत, तरी रांगेच्या नजरेत अडवणूक करणाऱ्या त्याच ठरल्या आहेत. मला या नजरांचा राग येतो. मे २०२३ मध्येच केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना बजावलं आहे की, बिलासाठी मोबाइल नंबरचा हट्ट धरणं ही ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. पण हे ठाऊक असलेला माणूसही मागे पंधरा जण ताटकळलेले पाहून नंबर सांगून मोकळा होतो. मग रात्री-अपरात्री सेलचे मेसेज येत राहतात. आपल्या भिडस्तपणावर इथे धंदा चालतो, आणि तो जाणूनबुजून चालतो, असं माझं ठाम मत आहे.

मुलगी साहेबांना हाक मारते. साहेब येतात, तिच्या खांद्यावरून वाकून एक कळ दाबतात. नंबरची जागा रिकामी राहते आणि बिल सरळ बाहेर येतं.

"कॅरीबॅग? दहा रुपये."

आजी खांद्यावरची पिशवी उघडून पुढे धरतात. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली ती योग्यच होती. पण त्यानंतर दुकानाचं नाव छापलेली पिशवी दुकानानेच आपल्याला विकावी, हे माझ्या मनाला कधी पटलेलं नाही. चंदीगडच्या ग्राहक मंचाने २०१९ मध्ये एका चपला-बुटांच्या कंपनीला ३ रुपयांच्या अशाच कागदी पिशवीसाठी दंड केला. पुढच्या वर्षी राष्ट्रीय आयोगानेही सांगितलं की, पिशवीला पैसे पडणार हे ग्राहकाला माल निवडण्याआधीच कळलं पाहिजे. इथे ती पाटी काउंटरच्या काचेवर आहे. तिथपर्यंत पोचेस्तोवर माल हातात आलेला असतो.

सुटे यायला वेळ लागतो आहे. "आजी, बिल होईल याची एवढी खात्री कशी?" मी विचारते.

"आमचा ग्राहक पंचायतीचा संघ होता ना," त्या म्हणतात.

१९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीची पद्धत त्या दोन वाक्यांत सांगतात. शेजारपाजारच्या घरांनी मिळून महिन्याच्या किराण्याची यादी द्यायची, माल एकाच घरी उतरायचा, आणि ज्यांची पाळी त्यांनी बसून वाटप करायचं. पिशव्या ज्याच्या त्याने आणायच्या. "एकदा तूरडाळीत जाळी निघाली. सगळ्यांसमोर गोणी परत केली. नाही म्हणायला मी तिथे शिकले."

मुलगी हे ऐकते आहे. सुटे हातावर ठेवताना ती हळूच म्हणते, "किती नंबर घेतले ते रोज आम्हाला विचारतात, मॅम."

"ठाऊक आहे गं. तुझ्यावर राग नाही माझा." आजी तिच्या मनगटावर हात ठेवतात.

हा प्रश्न विचारायचं ज्याने ठरवलं तो या दुकानात नाही. त्याला कोणाच्या डोळ्यांत बघून विचारावं लागत नाही, कोणाचा नकारही ऐकावा लागत नाही. तो अवघडलेपणा त्याने दिवसभर उभ्या असलेल्या या मुलीच्या आणि नातीला फ्रॉक घ्यायला आलेल्या आजींच्या वाट्याला टाकला आहे. मला यात सगळ्यात जास्त हेच खुपतं.

आजी निघतात. मी पुढे सरकते.

"मॅम, नंबर…"

"नको."

मुलगी या वेळी साहेबांना हाक मारत नाही. साहेबांनी कुठली कळ दाबली ते तिने पाहून ठेवलं आहे.